हाड झिजले, आता दात रोवायचे कशात?

पूर्ण कवळी वापरणाऱ्या घरातल्या एखाद्या ज्येष्ठाकडे नीट पाहिलेत तर एक गोष्ट लक्षात येईल. वरची कवळी तोंडात असते आणि खालची बहुतेक वेळ डबीत. पाहुणे आले की ती लागते, जेवायला बसले की पुन्हा निघते. भाकरीचा तुकडा दाढेखाली गेला की खालची कवळी उचलली जाते, तिच्याखाली शेंगदाण्याचा कण अडकतो आणि हिरडी सोलवटते.

अशी व्यक्ती पक्के दात बसवायला दवाखान्यात जाते, तेव्हा पुष्कळदा एकच वाक्य ऐकून परत येते : 'तुमचं हाडच उरलेलं नाही.' हे वाक्य खोटे नसते, पण अर्धे असते. हाड कुठले गेले, किती गेले आणि कुठे शिल्लक आहे, हे कळल्यावरच ते पूर्ण होते. आज त्या प्रत्येक उत्तरासाठी वेगळा मार्ग आहे. तो कसा निवडला जातो, ते आपण क्रमाने पाहू.

हाड जाते कुठे?

जबड्याच्या हाडाचे दोन भाग समजा. खालचा मूळ पाया आणि त्यावर दातांची मुळे धरून ठेवणारी कड. ही कड दातांसाठीच तयार होते आणि दातांबरोबरच जाते. चावताना मुळांमधून हाडावर दाब येतो, म्हणून शरीर ते हाड सांभाळते. दात काढला की तो दाब थांबतो आणि हाड विरघळू लागते.

ही झीज पहिल्या वर्षात सर्वाधिक होते, त्यातही पहिल्या काही महिन्यांत. आधी रुंदी जाते, मग उंची. पुढे वेग मंदावतो, पण झीज थांबत नाही. कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षांचा मागोवा घेणारा आंत्ये टालग्रेन यांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट असते, असे त्यात दिसले. खालची कवळी डबीत का जाते, याचे उत्तर इथे आहे.

दात काढून बरीच वर्षे गेली, हे झिजेचे एक कारण. हिरड्यांचा जुना आजार हे दुसरे : दात हलू लागतो तोवर भोवतीचे हाड बरेचसे गेलेले असते. सैल कवळीचे रोजचे घासणे, अपघात, गाठी हीसुद्धा कारणे आहेत. २०२१ मध्ये करोनानंतरच्या म्युकरमायकोसिसमुळे, म्हणजे काळ्या बुरशीमुळे, महाराष्ट्रात कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला. हाड गमावलेल्यांत आता त्यांचीही भर पडली आहे.

इम्प्लांटला किती हाड लागते?

इम्प्लांट म्हणजे हाडात रोवलेले कृत्रिम मूळ. ते बहुधा टायटॅनियम धातूचे आणि स्क्रूच्या आकाराचे असते. त्यावर जोडखुंटी बसते आणि तिच्यावर दात किंवा कवळी.

टायटॅनियमभोवती हाड घट्ट वाढून चिकटते, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडांवर काम करताना आढळले. या चिकटण्याला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात. आपण 'हाड धरणे' म्हणू. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाला पहिले इम्प्लांट बसवले. लार्सन यांच्या जबड्यात जन्मापासून व्यंग होते. ते २००६ मध्ये वारले, तोवर ते इम्प्लांट काम देत होते. म्हणजे या उपचाराची सुरुवातच एका अवघड जबड्यापासून झाली.

नेहमीच्या इम्प्लांटचा व्यास ४ मिलिमीटर आणि लांबी १० मिलिमीटरच्या आसपास असते. त्याच्या दोन्ही बाजूंना किमान एकेक मिलिमीटर हाड हवे, म्हणजे कड सुमारे ६ मिलिमीटर रुंद हवी. खालच्या दाढांच्या खालून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून २ मिलिमीटर अंतर राखायचे असते. वरच्या दाढांच्या वर सायनस, म्हणजे गालामागची हवेची पोकळी असते. दाढा गेल्या की ती पोकळीही खाली पसरते. त्यामुळे तिथले हाड दोन्हीकडून कमी होते.

पायरी पहिली : मोजमाप

सुरुवातीला बहुधा ओपीजी काढतात. हा दोन्ही जबड्यांचा एकत्र, सपाट एक्स-रे. त्यात उंचीचा अंदाज येतो, पण तो मूळ मापापेक्षा मोठा दिसतो आणि रुंदी तर दिसतच नाही. घर फक्त समोरून पाहिल्यावर ते किती खोल आहे हे कळत नाही, तसेच हे.

म्हणून हाड कमी असेल तर सीबीसीटी हवाच. हा जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. यंत्र डोक्याभोवती एकदा फिरते आणि काम होते. पडद्यावर जबड्याचे पावाच्या लादीसारखे उभे काप दिसतात. प्रत्येक कापावर उंची आणि रुंदी मिलिमीटरमध्ये मोजता येते. हे माप आपल्यासमोर काढून दाखवायला सांगा. 'हाड कमी आहे' ऐकण्यापेक्षा 'उजवीकडे सायनसखाली ३ मिलिमीटर, पुढे सुळ्यापाशी ११' हे ऐकणे कितीतरी उपयोगाचे असते.

नेहमीची चूक इथेच होते. स्कॅनशिवाय आधी पॅकेज ठरते आणि मग जबडा त्यात बसवला जातो.

पायरी दुसरी : तब्येतीचा हिशेब

हाड धरणार की नाही, हे रक्तपुरवठ्यावर आणि जखम भरण्यावर अवलंबून असते. मधुमेह असेल तर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, साधारण ७ ते ८ च्या आत आणून मग पुढे जाणे बरे.

तंबाखूबद्दल स्पष्ट बोला. सिगारेट तर आहेच, पण आपल्याकडे मशेरी, गुटखा आणि तंबाखू-चुनाही आहे. घरातल्या बायका मशेरीला व्यसन म्हणत नाहीत, त्यामुळे विचारल्यावर 'काही नाही' असे उत्तर येते. सुपारी-गुटख्याने तोंड कमी उघडत असेल, तर दाढेपर्यंत हत्यार पोचणेही कठीण होते.

हाडे ठिसूळ झाल्याबद्दलची औषधे चालू असतील तर ती नक्की सांगा : आठवड्याची ॲलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा मिळणारे झोलेड्रोनिक ॲसिडचे सलाइन. या औषधांमुळे क्वचित जबड्याचे हाड निर्जीव होऊ शकते. कर्करोगासाठी हीच औषधे मोठ्या मात्रेत दिलेली असतील किंवा जबड्याला किरणोपचार झाले असतील, तर धोका बराच वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

पायरी तिसरी : आहे तेवढ्यात भागते का?

सर्वांत छोटा उपाय आधी तपासावा. काही वेळा कवळीला आतून नवा थर देऊन ती नीट बसवणे एवढेही पुरते.

ते पुरत नसेल तर खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटचा पर्याय पाहा. कड कितीही झिजली तरी हनुवटीच्या भागात हाड बहुधा टिकून असते. तिथे दोन इम्प्लांट रोवतात आणि कवळीच्या आत त्यावर बसणारी टिचबटणे लावतात. कवळी 'टक्' आवाज करत बसते आणि घासाबरोबर उचलली जात नाही. झोपताना ती काढून धुता येते. खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर पहिला पर्याय म्हणून हाच ठेवावा, असे कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ मध्ये सुचवले होते. जाहिरातीत हा पर्याय सहसा दिसत नाही. टिचबटणांचे नायलॉनचे आतले भाग झिजतात आणि अधूनमधून बदलावे लागतात, हे मात्र धरून चाला.

एकदोन दाढांचाच प्रश्न असेल तर आखूड इम्प्लांट, म्हणजे ६ ते ८ मिलिमीटर लांबीचे, चालू शकतात. हाड वाढवून लांब इम्प्लांट घालण्याशी त्यांची तुलना झाली आहे. पहिल्या पाच वर्षांचे निकाल जवळपास सारखे आहेत आणि त्रास कमी. कड अरुंद असेल तर कमी व्यासाचे इम्प्लांट पुढच्या दातांसाठी वापरतात. दाढांच्या जोरासाठी ते एकटे पुरत नाहीत.

पायरी चौथी : हाड वाढवायचे असेल तर

याला बोन ग्राफ्ट म्हणतात, म्हणजे हाडाचे कलम. कमी पडलेल्या जागी हाडाची पूड किंवा तुकडा ठेवतात आणि वरून पातळ पडद्याने झाकतात. शरीर त्या सांगाड्यावर स्वतःचे नवे हाड चढवते. हिरडी झपाट्याने वाढते आणि हाड सावकाश, म्हणून हिरडीला आत घुसू न देणे हे पडद्याचे काम.

कलमाचे साहित्य चार प्रकारचे. स्वतःचे हाड : हनुवटीतून, अक्कलदाढेमागून, फारच लागले तर कमरेच्या हाडातून. दान केलेले मानवी हाड. प्राण्याचे, बहुधा गायीगुरांचे, प्रक्रिया करून फक्त खनिज उरवलेले हाड. आणि प्रयोगशाळेत बनवलेले कॅल्शियम-फॉस्फेट. आपला धर्म, आहार किंवा मन एखाद्या साहित्याला नाही म्हणत असेल तर आधीच सांगा. कृत्रिम साहित्य मिळते. विचारल्याशिवाय कुणी सांगेलच असे नाही.

वरच्या दाढांसाठी सायनस लिफ्ट करतात. सायनसच्या तळाशी अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा असतो. तो न फाडता वर उचलायचा आणि खालच्या पोकळीत कलम भरायचे. हाड ५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर इम्प्लांटच्याच भोकातून हे काम होते. त्याहून कमी असेल तर गालाच्या बाजूने छोटी खिडकी करावी लागते आणि इम्प्लांटसाठी ६ ते ९ महिने थांबावे लागू शकते.

रुंदी थोडीच कमी असेल, तर कड मधोमध उभी चिरून फाकवतात आणि मधल्या फटीत इम्प्लांट घालतात. मात्र उंची वाढवणे रुंदी वाढवण्यापेक्षा अवघड असते, हे लक्षात ठेवा. खालच्या जबड्याच्या मागच्या भागात तर फारच.

आपल्याच रक्तातून केलेले पीआरएफ, म्हणजे प्लेटलेट्सने भरलेली जेलीसारखी गुठळी, आता बऱ्याच दवाखान्यांत वापरतात. त्याने जखम भरायला मदत होते. पण मोठी उणीव एकट्या पीआरएफने भरून निघत नाही.

पायरी पाचवी : हाड असेल तिथे जाणे

कलम नको किंवा शक्य नसेल तर दुसरा विचार करतात : हाड आणण्याऐवजी हाड असेल तिथे इम्प्लांट न्यायचा.

ऑल-ऑन-फोर ही त्यातली प्रसिद्ध रीत. लिस्बनचे पावलो मालो यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती रुळवली. पूर्ण जबड्याला चार इम्प्लांट लागतात. पुढचे दोन सरळ असतात. मागचे दोन ४५ अंशांपर्यंत तिरके, सायनस किंवा नस चुकवून पुढच्या चांगल्या हाडात जाणारे. चारही इम्प्लांटवर मिळून दातांची एक अखंड पट्टी स्क्रूने बसते. चारच आधार असल्यामुळे एक निसटला तर सगळेच काम अडते, ही तिची मर्यादा.

वरच्या जबड्याच्या मागे, अक्कलदाढेपलीकडे, टेरिगॉइड नावाचे कठीण हाड असते. त्यात टेकणारा टेरिगॉइड इम्प्लांट सायनस टाळून मागचा आधार देतो.

वरचा जबडा जवळजवळ संपलाच असेल तर झायगोमॅटिक इम्प्लांट येतात. झायगोमा म्हणजे गालाचे हाड. हे इम्प्लांट ३० ते ५० मिलिमीटर किंवा त्याहूनही लांब असतात. ते टाळूकडून शिरतात, सायनसच्या कडेने जातात आणि गालाच्या हाडात रुततात. गालाचे हाड दातांवर अवलंबून नसते, म्हणून ते झिजत नाही. हीसुद्धा ब्रोनेमार्क यांचीच देणगी, आणि गाठी काढून जबडा गमावलेल्यांसाठीच ती आधी वापरली गेली. वाटेत डोळ्याची खोबण जवळ असते. म्हणून हे काम त्यात हात बसलेल्या सर्जननेच करावे. ते बहुधा पूर्ण भूल देऊन रुग्णालयात होते.

हाडाच्या आत न जाता हाडावर, हिरडीखाली बसणारी धातूची जाळी हाही एक पर्याय. तिला सबपेरिऑस्टिअल इम्प्लांट म्हणतात. जुन्या काळी ती पुष्कळदा जंतुसंसर्गामुळे काढावी लागे. आता स्कॅनवरून त्याच रुग्णाच्या मापाची छापून घेतात. काळ्या बुरशीने वरचा जबडा गेलेल्यांसाठी अशा बेतलेल्या जाळ्या आणि झायगोमॅटिक इम्प्लांट दोन्ही वापरले गेले आहेत.

'तीन दिवसांत पक्के दात, हाड नसले तरी' अशा पाट्या आपण पाहिल्या असतील. त्यामागे बहुधा बेसल इम्प्लांट असतात. ते हाडाच्या खोलवरच्या कठीण थरात अडकवतात. काहींना त्यांचा उपयोग होतो, पण नेहमीच्या इम्प्लांटइतका दीर्घ आणि स्वतंत्र अभ्यासाचा आधार त्यांच्यामागे नाही. त्याच दवाखान्यातले पाच-सात वर्षांपूर्वीचे रुग्ण कसे आहेत, हे विचारा.

पायरी सहावी : शस्त्रक्रिया आणि वाट पाहणे

एक-दोन इम्प्लांट जागा बधिर करूनच घालतात. हाडाला भोक पाडताना दुखत नाही, पण कंप आणि आवाज जाणवतो. शेवटी डॉक्टर पान्याने इम्प्लांट आवळतात आणि पान्यावरचा आकडा पाहतात. तो ३५ न्यूटन-सेंटीमीटरच्या पुढे गेला तर पकड चांगली, आणि मोठ्या कामात त्याच दिवशी तात्पुरते दात लावता येऊ शकतात. कमी असेल तर थांबणेच शहाणपणाचे.

हाड धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या मऊ हाडात चार ते सहा महिने धरा. तात्पुरते दात लागले तरी या काळात खाणे मऊच हवे : वरणभात, उपमा, शिजवलेल्या भाज्या. आता दुखत नाही म्हणून चकली फोडली, आणि इम्प्लांट सुटला, असे खूपदा होते. इम्प्लांटची जराशी हालचालही हाडाला चिकटू देत नाही.

सायनसचे काम झाले असेल तर काही दिवस नाक शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्या.

बधिरपणा उतरायच्या वेळेनंतरही ओठ किंवा हनुवटी सुन्नच असेल, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी फोन करा. नसेवर दाब असेल तर लवकर हालचाल केल्यानेच फायदा होतो.

पायरी सातवी : निगा

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सुजते आणि हाड पुन्हा झिजू शकते. याला पेरिइम्प्लांटायटिस म्हणतात. सुरुवातीला ते दुखत नाही. ब्रश करताना रक्त येणे, वास येणे, हिरडीतून पू येणे ही त्याची चिन्हे. हिरड्यांच्या आजाराने दात गमावलेल्यांना याचा धोका जास्त असतो, आणि हाड गमावलेल्यांत तेच पुष्कळ असतात.

पट्टीच्या खाली बारीक ब्रश किंवा पाण्याच्या फवाऱ्याचे यंत्र रोज फिरवा. दर सहा महिन्यांनी दाखवा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढा. इम्प्लांटच्या डबीवरचे स्टिकर, ज्यावर कंपनी, माप आणि क्रमांक असतो, आपल्या फायलीत चिकटवून घ्या. दहा वर्षांनी गाव बदलले किंवा डॉक्टर निवृत्त झाले, तर त्या चिटोऱ्याशिवाय नेमका स्क्रू शोधणे अवघड जाते.

होकार देण्याआधी

खर्चाचा कागद लेखी घ्या. त्यात स्कॅन, कलम, इम्प्लांट, जोडखुंटी, तात्पुरते दात आणि अंतिम दात हे सगळे वेगवेगळे लिहिलेले असावे. 'एका इम्प्लांटची किंमत' या आकड्यात वरचे दात धरलेच नव्हते, हे पुष्कळांना नंतर कळते. एखादा इम्प्लांट निघाला तर पुढे काय करायचे, हेही त्याच कागदावर असू द्या.

दुसरे मत घ्यायला संकोचू नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईतले महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय किंवा गोव्यातले बांबोळीचे दंत महाविद्यालय इथे तोंडाची शस्त्रक्रिया करणारे आणि दात बसवणारे असे दोन्ही विभाग असतात. हाड कमी असताना या दोघांनी एकत्र बसून ठरवणेच हिताचे.

आणि घरात कुणाचा दात या आठवड्यात काढायचा असेल, तर काढण्याआधी एवढेच विचारा : 'इथलं हाड वाचवायला आत्ता काही करता येईल का?' रिकाम्या खळगीत लगेच भरलेले थोडे कलम पुढची झीज पुष्कळ कमी करते. या लेखातल्या बऱ्याचशा पायऱ्या त्या एका प्रश्नाने टळू शकतात.